लाइट घालवण्याचं वेळापत्रक

लाइट जाते ती फुकट. पावसाचे चार थेंब पडले, वारा सुटला, कुणाच्या तरी नारळाची झावळी तारेवर टेकली की ती आपसूक जाते. कुणाला अर्ज करावा लागत नाही की शिफारस लावावी लागत नाही. असं असताना भोसरीतल्या आमच्या टेस्टिंगच्या खोलीत केवळ लाइट घालवण्यासाठी एक यंत्र आणलेलं आहे. त्याचं बिल मंजुरीला गेलं तेव्हा अकाउंट्सच्या मॅडम स्वतः वर आल्या. यंत्राकडे बघितलं, बिलाकडे बघितलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, ‘‘साहेब, हे काम बाहेरची लाइट करत नाही का?’’

प्रश्न बिनतोड होता. साहेबांनी ‘प्रोग्रॅमेबल एसी सोर्स’ या विषयावर पंधरा मिनिटं माहिती दिली. मॅडमनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि बिलावर ‘चर्चा झाली’ असा शेरा मारून खाली गेल्या. ‘पटलं’ असा शेरा त्यांनी मारला नाही.

त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही, कारण या यंत्राचा स्वभावच मुळात संशयास्पद आहे. भिंतीतून आलेल्या विजेवर त्याचा काडीचा विश्वास नाही. आत आलेली वीज ते आधी डीसी करून टाकतं, म्हणजे तिचं गाव, फीडर, मागचा इतिहास सगळं पुसून टाकतं. मग त्यातून नव्याने एसी घडवतं: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, पुस्तकात छापावी अशी गुळगुळीत लाट. इतकी शुद्ध वीज भोसरीत दुसरीकडे कुठे मिळायची नाही. आणि ही शुद्ध वीज हाताशी आली की आम्ही काय करतो, तर ती ठरवून, मोजून-मापून बिघडवायला घेतो.

बिघडवायची पद्धत अशी. यंत्राच्या पडद्यावर एक तक्ता असतो, त्याला लिस्ट म्हणतात. प्रत्येक ओळीत व्होल्टेज किती, फ्रिक्वेन्सी किती आणि ही अवस्था किती वेळ टिकवायची ते भरायचं. या शेवटच्या रकान्याला ‘ड्वेल’ असं नाव आहे. पहिली ओळ: 230 व्होल्ट, 10 सेकंद. दुसरी: 161 व्होल्ट, अर्धा सेकंद. तिसरी: पुन्हा 230, 10 सेकंद. खाली लिहायचं, हे तीनदा करा. मग बटण दाबायचं आणि हाताची घडी घालून समोरच्या उपकरणाचं काय होतंय ते बघत बसायचं.

हे आकडे आमच्या मनचे नाहीत. लाइट कशी जावी याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी 61000-4-11. वीज किती खचावी आणि किती वेळ खचावी, हे त्यात लिहून ठेवलेलं आहे. शून्यावर जायची असेल तर अर्धी सायकल किंवा एक सायकल. आपल्याकडे सेकंदाला 50 सायकली, म्हणजे एक सायकल 20 मिलिसेकंदांची. अर्धी म्हणजे 10. सत्तर टक्क्यांवर खचायची असेल तर 25 सायकली. कारखान्यातल्या उपकरणांसाठी आणखी कडक नियम: 40 टक्क्यांवर 10 सायकली, 80 टक्क्यांवर 250 सायकली. आणि पूर्णच जायची असेल तर 250 सायकली, म्हणजे नेमके 5 सेकंद. प्रत्येक झटका तीनदा द्यायचा आणि दोन झटक्यांमध्ये निदान 10 सेकंदांची उसंत द्यायची. उसंतीचं वाचून मी थक्क झालो होतो. लाइट जाण्याच्या बाबतीत एवढी माणुसकी मी तोवर अनुभवली नव्हती.

बरं, नुसतं कधी आणि किती एवढ्यावर भागत नाही. कुठे, हेही सांगावं लागतं. 230 व्होल्ट म्हणतात खरं, पण ती सरासरी काढायच्या एका रीतीची किमया आहे. प्रत्यक्षात लाट शून्यापासून 325 व्होल्टच्या शिखरापर्यंत चढते, उतरते, शून्याखाली तेवढीच जाते आणि परत येते. ती शून्यावर असताना तोडायची की शिखरावर असताना, हा कोन अंशांत भरायचा असतो. कारण परत येतानाची वेळ ज्याच्या-त्याच्या प्रकृतीला मानवावी लागते. ट्रान्सफॉर्मरवाल्या उपकरणाला लाइट शून्यावर परत आलेली सोसत नाही, ते भसकन करंट ओढतं. कपॅसिटरवाल्याला ती शिखरावर आलेली सोसत नाही. दोघांनाही सोसेल असा मुहूर्त नाही, म्हणून सगळेच मुहूर्त तपासायचे.

आता इतकं नेमकं यंत्र म्हटल्यावर माणसाने फक्त आकडे भरायचे राहतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. मानक बोलतं सायकलींत आणि आमच्या यंत्राचा ड्वेल बोलतो सेकंदांत. नवीन लागलेल्या एका मुलाने मानकातला 250 हा आकडा मोठ्या निष्ठेने उचलून जसाच्या तसा सेकंदांच्या रकान्यात भरला. बटण दाबलं, लाइट शून्यावर गेली. समोर पॅनेल काळंठिक्कर. ग्राहक कंपनीचे प्रतिनिधी खास परीक्षा बघायला आलेले, ते उभे. साहेब उभे. पाच सेकंद झाले, दहा झाले, पण यंत्राच्या कामात मध्ये हात घालायचा नाही असा शिरस्ता असल्यामुळे कुणी काही बोलेना. 250 सेकंद म्हणजे 4 मिनिटं 10 सेकंद आम्ही सगळे त्या पॅनेलसमोर शोकसभेत उभं राहावं तसे माना खाली घालून उभे होतो. प्रतिनिधींनी तर मधेच मोबाइल सायलेंटवर टाकला. लाइट परत आली, पॅनेल उजळलं आणि प्रतिनिधी हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘फारच कडक टेस्ट आहे हो तुमची.’’

हे हाताने भरण्याचं झालं. लिस्ट लांब असली की कॉम्प्युटरवरून भरतात. त्यासाठी एससीपीआय नावाची भाषा आहे. अशा यंत्रांशी सगळ्यांनी एकाच पद्धतीने बोलावं म्हणून ती 1990 साली ठरवली गेली. ‘लिस्ट:व्होल्टेज 230, 161, 230’ असा हुकूम सोडायचा, मग ‘लिस्ट:ड्वेल 10, 0.5, 10’. बोलायला ही भाषा सोपी आहे. अडचण समोरच्याच्या स्वभावाची आहे. तुम्ही हुकूम चुकीचा सोडलात तर यंत्र ओरडत नाही, अडवत नाही. ते ती चूक आपल्या मनात रांगेत लावून ठेवतं आणि गप्प बसतं. तुम्ही ‘सिस्टिम:एरर?’ असं मुद्दाम विचारलंत तरच सांगतं, आणि तेही एका वेळी एकच, सगळ्यात जुनी तक्रार आधी. ‘उणे 113, अनडिफाइन्ड हेडर’, म्हणजे तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नाही. ‘उणे 222, डेटा आउट ऑफ रेंज’, म्हणजे कळलं, पण झेपणार नाही. सकाळी अकराच्या चुकीबद्दल दुपारी चार वाजता विचारणा केली की मगच ते सांगतं, आणि सूर असा की, तुम्ही विचारलंत कुठे? सगळ्या तक्रारी ऐकून झाल्या की मात्र शेवटी स्वच्छ उत्तर मिळतं: ‘शून्य, नो एरर’. हे तीन शब्द ऐकण्यासाठी माणसं रात्री आठ-आठ वाजेपर्यंत ऑफिसात थांबतात.

व्होल्टेजचे आकडे बारा आणि वेळांचे अकरा असे भरले तर यंत्र गाडी सुरूच करत नाही. बाराव्या अवस्थेत किती वेळ राहायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि अंदाजाने वागायची त्याला सवय नाही. पुरेसे आकडे भरले तरी ते लगेच पळत नाही. आधी त्याला सज्ज करायचं, मग ट्रिगर द्यायचा. सज्ज झालं की पडद्यावर येतं, ‘वेटिंग फॉर ट्रिगर’. इकडे नव्या मुलाची समजूत अशी की आपण सगळं सांगितलेलं आहे, आता ते करेल. तिकडे यंत्राची समजूत अशी की मी तयार आहे, आता हे सांगतील. दोघेही एकमेकांकडे बघत जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून असतात. आणि लिस्ट संपल्यावर लाइट कुठे ठेवायची, शेवटच्या ओळीवर की मूळ जागी, हेही यंत्रायंत्रावर अवलंबून असतं. शेवटची ओळ 92 व्होल्टची असेल आणि ती तशीच राहिली, तर सगळे चहाला जाऊन येईपर्यंत उपकरण धापा टाकत पडलेलं असतं.

या यंत्राचा मोठा फायदा म्हणजे पासपोर्ट न काढता जगभरची लाइट भोसरीत मिळते. अमेरिका हवी तर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. विमानातली हवी तर 115 व्होल्ट, 400 हर्ट्झ. जपान म्हटलं की मात्र कुठला जपान असं विचारावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला टोकियोवाल्यांनी जर्मनीहून 50 हर्ट्झची जनित्रं आणली आणि ओसाकावाल्यांनी अमेरिकेहून 60 ची. तेव्हापासून त्या देशात पूर्वेला एक ताल आणि पश्चिमेला दुसरा. 2011 च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला, तेव्हा मधली रूपांतराची सोय तोकडी असल्यामुळे पश्चिमेहून हवी तेवढी वीज धाडता येईना. आपल्याकडे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या तालात आलं. आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी, आणि ती 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात राखायची असा दंडक. आमचे मामा सोलापूरकडचे. देशाची शेवटची गाठ आपल्या जिल्ह्यात मारली, याचा त्यांना अभिमान आहे.

मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने टेक्निशियन. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण कॉन्टॅक्टर सुटल्याचा ‘खट’ आवाज शेजारच्या खोलीतून ऐकून कुठल्या फेजचा घोळ आहे ते सांगतात. त्या 250 सेकंदांच्या दिवशी परीक्षेला आलेलं उपकरण त्यांच्याच माहितीतलं होतं: शेतातल्या पंपाचं ऑटो स्टार्टर पॅनेल. लाइट आली की मोटर आपोआप चालू करायची, एवढंच त्याचं काम. ज्यांना शेतीला लाइट कशी मिळते ते माहीत नाही त्यांना ही चैन वाटेल. पण थ्री फेज मिळणार दिवसा आठ तास, नाही तर रात्री दहा तास, पाळीपाळीने. रात्रीची पाळी आली की थंडीत, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाऊन बटण दाबायचं. त्यापेक्षा ऑटो बरा.

पॅनेलने मानकातली सगळी लिस्ट बिनबोभाट पार केली. अर्धी सायकल गेली, त्याला पत्ता नाही. अर्धा सेकंद 161 व्होल्टवर खचली, जागचं हललं नाही. पूर्ण पाच सेकंद गेली. बंद पडलं, लाइट आल्यावर शिस्तीत उठलं, ठरलेला वेळ थांबून मोटर चालू केली. मानकात निकालाच्या चार पायऱ्या असतात. पहिली, काहीच झालं नाही. दुसरी, जरा बिचकलं पण आपलं आपण सावरलं. तिसरी, माणसाने येऊन बटण दाबावं लागलं. चौथी, धूर. आपलं पॅनेल पहिल्या दोन पायऱ्यांच्या खाली उतरलं नाही म्हणून प्रतिनिधी खुशीत होते.

मामा म्हणाले, ‘‘साहेब, लाइट अशी जाते होय कुठं?’’

‘‘मग कशी जाते?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘जाते सरळ. येताना खोड करते. आली म्हणता म्हणता परत जाते. मग येते ती दोन फेजवर. तोवर शिवारातल्या सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर. समद्या एका टायमाला उठत्यात, डीपीचा जीव जातो.’’

हे शंभर टक्के खरं आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. शिवारातल्या सगळ्या मोटरी एका क्षणाला जाग्या झाल्या की डीपीवरचं व्होल्टेज आपटतं. कमी व्होल्टेजमुळे मोटरी वेग घेत नाहीत, आणि वेग न घेतल्यामुळे तोच भलामोठा करंट ओढत राहतात. मग फ्यूज उडतो, नाही तर डीपी जळते, आणि ज्या पाण्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते विहिरीतच राहतं. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक ऑटोने लाइट आल्यावर वेगवेगळा वेळ थांबावं. आमच्या पॅनेलमध्ये ती सोय होती. थांबण्याची वेळ शेतकऱ्याने ठरवायची आणि मधेच लाइट गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रतिनिधी घड्याळाकडे बघत होते, म्हणून साहेबांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. पॅनेल उगाच थंड पडू नये म्हणून मामांनी ते यंत्रावरून काढून सरळ भिंतीच्या सप्लायला जोडलं आणि शेजारी यूपीएसवरचा रेकॉर्डर लावून ठेवला. पावसाळी हवा होती. भाजीचा पहिला घास तोंडात असतानाच लाइट गेली. लगेच आली. लगेच गेली. मग आली ती कायमची.

परत येऊन बघतो तर पॅनेलच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा, आणि ते ना चालू ना बंद. दारातूनच मामांनी निदान केलं, ‘‘मेलंय बी न्हाई, जित्तं बी न्हाई.’’

प्रतिनिधींचा चेहरा पडला, पण ते सावरले. ‘‘हे टेस्टमध्ये धरता येणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ही लाइट कॅलिब्रेटेड होती का?’’

वाक्य हास्यास्पद वाटेल, पण नियमाने ते अगदी बरोबर होतं. यंत्राने घालवलेल्या लाइटला दरवर्षीचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असतं. आपोआप गेलेल्या लाइटला काहीच कागद नसतो. ती किती गेली, कुठल्या कोनात गेली, किती मिलिसेकंदांत गेली, याला कुणी सही-शिक्क्याने जबाबदार नाही. म्हणून खऱ्या लाइटने मारलेलं पॅनेल कागदोपत्री धडधाकट असतं.

आणि इथेच अकाउंट्सच्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाहेरची लाइट बिघाड करते हे खरं, पण तो ती पुन्हा तसाच करून दाखवत नाही. मेकॅनिक घरी आला की फ्रिज आवाज करत नाही; डॉक्टरसमोर बसलं की खोकला थांबतो. जी गोष्ट पुन्हा घडवता येत नाही ती दुरुस्त करता येत नाही. या यंत्राला आपण पैसे देतो ते लाइट घालवण्याचे नव्हेत. तीच लाइट, तशीच, हवी तितक्या वेळा घालवण्याचे.

साहेबांनी रेकॉर्डर काढून बघितला. दुसऱ्या खेपेला लाइट जेमतेम दीड सेकंद गेलेली. पाच सेकंद गेली असती तर पॅनेलच्या कपॅसिटरमधला साठा पूर्ण संपून ते नीट मेलं असतं आणि नीट उठलं असतं. नुसती अर्धा सेकंद खचली असती तर साठ्यावर तग धरून राहिलं असतं. पण दीड सेकंदात साठा अर्धवट उतरला, आतल्या चिपची शुद्ध निम्मी गेली आणि नेमक्या त्या क्षणी लाइट परत आली. मानकाच्या आकड्यांच्या मधल्या फटीत हा दीड सेकंद लपून बसलेला होता.

मग लिस्ट लिहायला घेतली. लाइट शून्यावर, आधी 0.1 सेकंद, मग 0.2, मग 0.3, असं चढत चढत पाचपर्यंत. मधल्या प्रत्येक उसंतीला 30 सेकंद, म्हणजे पॅनेलला उठायला वेळ. या वेळी त्या नव्या मुलाने प्रत्येक आकड्यापुढे ‘सेकंद’ असं वहीत लिहून घेतलं आणि मगच भरला. लिस्ट सोडली. 1.2 पर्यंत ठीक. 1.3 ला पॅनेल लटकलं. बंद-चालू करून पुढे नेलं, 1.4, 1.5, 1.6 ला लटकलं. 1.7 पासून पुन्हा शहाणं. लिस्ट पुन्हा चालवली तर पुन्हा तिथेच, तसंच. पॅनेल असं हुकमी बंद पडताना बघून साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पगारवाढीच्या पत्रानेही कधी पसरला नव्हता.

‘‘पण हे स्टँडर्डमध्ये नाही,’’ प्रतिनिधी शेवटचा किल्ला लढवत म्हणाले.

‘‘स्टँडर्ड जिनिव्हात बसतं,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुमचं पॅनेल बार्शीत बसणार आहे.’’

प्रतिनिधींनी आपल्या डिझाइनवाल्यांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ ‘असं होऊच शकत नाही’ असा सूर येत होता, म्हणून त्यांनी स्पीकर चालू करून फोन पॅनेलजवळ धरला आणि मुलाला म्हणाले, ‘‘1.5 दे.’’ पॅनेल लटकलं. ‘‘परत दे.’’ परत लटकलं. चौथ्या वेळी पलीकडून आवाज आला, ‘‘ती लिस्ट मेल करा.’’

मेल करायची तर लिस्ट सेव्ह करायला हवी आणि सेव्ह करायची तर नाव हवं. मुलाने विचारलं, काय देऊ? मामा म्हणाले, ‘‘वारा सुटला.’’ यंत्राला देवनागरी कळत नाही, म्हणून मुलाने ते रोमन अक्षरांत बसवलं, सेव्ह केलं आणि एव्हाना शिकलेल्या सवयीने आधी तक्रार आहे का विचारून घेतलं. उत्तर आलं, ‘शून्य, नो एरर’. मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, ‘‘बघा, त्याला बी पटलं.’’